मायोंची भाजी आणि सहा स्पीकर

लुसाका, रविवार

ती. चिलुफ्यादादास,

कासोन्देचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनींच्या कोंबड्या बऱ्या असतील असं धरून चालतो. फोन असताना पत्र का, ते पुढे कळेलच.

आमच्या सासूबाई, मायो, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर इथे आहेत. आपल्या रीतीप्रमाणे जावयाने सासूसमोर यायचं नाही, त्यामुळे मायो बैठकीत आल्या की मी स्वयंपाकघरात आणि त्या स्वयंपाकघरात आल्या की मी मागच्या अंगणात, पपईखाली. महिन्याभरात एकाही फुटबॉल सामन्याचा शेवट मला कळला नाही. म्हणून पाच खोल्यांत पाच स्पीकर बसवले (सहावा पपईला टांगला). समालोचन माझ्या मागे मागे फिरावं, एवढीच अपेक्षा होती. भिंतींना भोकं पाडण्यात दोन दिवस गेले, त्यातली चार भोकं उपयोगी पडली.

मागल्याच्या मागल्या मंगळवारी पपईखालून तुला फोन केला, आठवतं? मायोंच्या भाजीने माझी जीभ खारवली, असं मी म्हणालो. तू खो खो हसून म्हणालास, “मग म्हातारीला मपिकाच्या बसमध्ये बसवून गावी परत पाठव.” दादा, फोन स्पीकरांना जोडलेलाच राहिला होता. मी सहा ठिकाणी बोललो आणि तू थेट मायोंच्या उशाशी हसलास.

मुतालेने दोन दिवस माझ्याकडे पाहिलं नाही (बायको रागावली की जेवण वेळेवर मिळतं, हे मात्र कळलं). तिसऱ्या दिवशी तिने आपला फोन स्पीकरांना जोडून आईच्या हातात दिला आणि पपई बोलू लागली.

“मी भिंतीशी बोलतेय, कुणा जावयाशी नाही. भिंतीबाई, मीठ किती पडतं ते मला दिसत नाही गं. दिसलं असतं तर इथे कशाला आले असते?”

मला फार लाज वाटली. पपईखालून उठून मीही माझ्या बाजूच्या भिंतीला मोठ्याने सांगितलं की भाजी चांगली होते, मूर्ख माणसाचं मनावर घेऊ नये. आता रोज दुपारी भिंतीभिंतीत गप्पा चालतात. सामने मायोही ऐकतात, पंचाला माझ्यापेक्षा जास्त शिव्या देतात.

तुझा धाकटा,
कासोन्दे

ता. क. गुरुवारी ऑपरेशन आहे. मायोंना भीती वाटते आणि माझाच हात धरून जायचंय. त्याआधी सासू-जावयाने समोरासमोर येण्याचा विधी व्हायला हवा, त्याला आपल्याकडचं मोठं माणूस लागतं. ते तू. बुधवारी ये.

आणखी एक. तुझा आवाज त्यांच्या चांगला लक्षात आहे. बुधवारी स्वयंपाक त्याच करणार आहेत. भाजी दुसऱ्यांदा मागून घे.