तुरीच्या ढिगातली बावन्न मिनिटं

साखरा, ता. सेनगाव
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप आत्याबाईंना,
मंजुषाचा वाकून नमस्कार.

“भागवत, हिला बसवून खाऊ घाल बाबा, पण हिच्या हाती सूप देऊ नको.” हे वाक्य तुम्ही चोवीस वर्षांपूर्वी बोललात. मला या घरात सून म्हणून येऊन नऊ दिवस झाले होते, आणि तूर पाखडताना मी दाणे अंगणात उडवले होते व फोलपट तेवढं सुपात राखलं होतं. तुम्हाला वाटलं मी आत आहे. मी दाराआडच होते. तेव्हा रडले, पण थोडं हसूही आलं, कारण माझ्या माहेरी कुणी इतकं सरळ बोलत नसे. ते वाक्य आज आठवायचं कारण, या सोमवारी मी पुन्हा तेच केलं. फक्त या वेळी हातात सुपाऐवजी घड्याळ होतं.

गुडघा कसा आहे? शिरड शहापूरला वन्संच्या घराच्या पायऱ्या उंच आहेत, दिवसातून दोनदाच उतरत जा. (वैष्णवी, आजीला हे पत्र वाचून दाखवताना कंसातलं मोठ्यानं वाचू नकोस, कंस तुझ्यासाठी आहेत. आजी जेवते ना नीट? फोनवर ती मला “व्हय” एवढंच म्हणते आणि फोन तुझ्या हाती देते, म्हणून हे कागदावर.) इकडे सगळे बरे आहेत. म्हैस मला अर्धंच दूध देते, उरलेलं तुमच्यासाठी राखून ठेवते असा आमचा समज आहे. तुमच्या चिरंजीवांनी सोमवारी संध्याकाळी विचारलं, “आई गेली का घालवली?” मी म्हटलं, घड्याळानं घालवली. तर म्हणाले, “मग घड्याळाला म्हणावं, भाकरी टाक.” त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही, म्हणजे नेहमीसारखंच चाललं आहे.

आता वन्संना माहीत नसेल म्हणून पहिल्यापासून सांगते. आपल्या गटाच्या डाळ मिलला उत्पादन व्यवस्थापक हवा आहे. मी वर्षभराचा अभ्यासक्रम पास झाले तर ती जागा मला, नाहीतर बाहेरून माणूस आणणार, असं बैठकीत ठरलं. म्हणून दर शनिवार-रविवार मी हिंगोलीला जाते. वर्गात बावीस पोरं, नुकती पदविका घेतलेली, आणि एक मी, चव्वेचाळीस वर्षांची. पहिल्या दिवशी मी आत गेले तर सगळी उभी राहिली. मी “बसा” म्हटलं आणि दुसऱ्या बाकावर जाऊन त्यांच्यात बसले, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. सरांनी शिकवलं की काम डोळ्यांनी बघायचं नसतं, घड्याळानं बघायचं असतं. प्रत्येक काम दोनपैकी एका रकान्यात टाकायचं: ज्यानं मालाचं मूल्य वाढतं ते एकीकडे, आणि ज्यानं वाढत नाही, म्हणजे वाया जातं, ते दुसरीकडे. आत्याबाई, मला ते फार आवडलं. आपलं काही काम वाया जात असावं अशी शंका मला कित्येक वर्षं होती, पण रकाना कुणी दिला नव्हता. त्या आठवड्यात मी आपलं स्वयंपाकघर मोजलं. एका चहाला एक्केचाळीस पावलं, कारण साखर मुंग्यांच्या भीतीनं आतल्या खोलीत. मी साखर चुलीजवळ आणली. मुंग्याही आल्या, आणि त्यांची पावलं मोजायला माझ्याकडे वेळ नव्हता.

मग मिलवरचा प्रकल्प सुरू झाला. पहिल्याच दिवशी तुम्ही तूर मापायला बसलात आणि मी समोर घड्याळ घेऊन. मापाला बसलेल्या माणसाशी बोलायचं नसतं हे मी विसरले. तुम्ही अकरावर होतात, मी विचारलं, “आत्याबाई, हे कितवं?” तुम्ही सगळी तूर परत ओतलीत आणि पुन्हा ‘लाभ’पासून सुरुवात केलीत. (वैष्णवी, पहिल्या मापाला आपण एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. हे तुला शाळेत सांगणार नाहीत.) असं तीनदा झालं. शेवटी तांड्यावरच्या निर्मलाबाई म्हणाल्या, “मॅडम, तुमी चहा पिऊन या, माप दहा मिंटात होतंय.” मी अभ्यासक्रमाला गेल्यापासून त्या मला मॅडम म्हणतात, आणि त्यात मान किती आणि चिमटा किती हे मला अजून मोजता आलेलं नाही. वहीत मी ‘माप, एकोणपन्नास मिनिटं’ असं लिहिलं. सरांनी खाली लाल शाईनं शेरा दिला: कामगार अत्यंत संथ. कामगाराला संथ कुणी केलं, ते लिहायला तिथे रकाना नव्हता.

एक गोष्ट मात्र बराबर झाली, ती सांगितली पाहिजे. पाण्याची टाकी मी ढिगाजवळ आणून घेतली, आणि निर्मलाबाईंची रोजची निम्मी पायपीट वाचली. त्या म्हणतात, गुडघे दुवा देऊन राहिले. हे मुद्दाम लिहिते, कारण नुसत्या चुकाच सांगितल्या तर तुम्ही माझी दया कराल, आणि दया नको आहे.

सोमवारचं तुम्हाला माहीत आहे, पण मला माझ्या तोंडानं सांगू द्या. मी तक्ता भिंतीवर लावला आणि अकरा बायांसमोर वाचायला सुरुवात केली. टाकीची गोष्ट आली तेव्हा सगळ्या हसल्या, त्यामुळे माझा आवाज जरा चढला होता. त्याच आवाजात मी पुढची ओळ वाचली: जनकाबाई, तुरीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसणे, रोज बावन्न मिनिटं, मूल्यवाढ नाही. तुम्ही तेव्हाही ढिगापाशीच बसला होतात. हात बाहेर काढलात, पदराला पुसलात आणि म्हणालात, “बराबर हाय. घड्याळ खोटं बोलत न्हाई.” घरी गेलात, पिशवी भरलीत, आणि दोनच्या एसटीनं निघालात. भांडला असतात तर मला झोप लागली असती.

मंगळवारी तेल-पाणी लावून मुरवलेली, वाळवलेली तूर ढीग करून तयार होती, आणि ती मशीनला घालायची का, याला ‘व्हय’ किंवा ‘न्हाई’ म्हणायला कुणी नव्हतं. तक्त्यात ‘दोन दिवस ऊन’ असं होतं, ऊन दोन दिवस दिलेलं होतं, म्हणून मी मशीन सुरू करायला सांगितलं. टरफल निघेना, दाणे चेपून बाहेर यायला लागले. बुधवारी जास्त वाळवली, तर डाळीची चुरी. तुमच्या हाताखाली क्विंटलमागे आठ किलो चुरी निघायची, माझ्या हाताखाली एकोणीस निघाली. मग मी पोलक्याची बाही वर सारली आणि स्वतःच ढिगात हात घातला. सगळ्या गोळा झाल्या. निर्मलाबाईंनी विचारलं, “काय म्हणती तूर?” मी म्हटलं, गरम आहे. त्या म्हणाल्या, “हे तं उन्हाला बी माहीत हाय.”

तरी मी बसून राहिले, बावन्न मिनिटं, घड्याळ लावून. पहिली वीस मिनिटं हाताला नुसती खाज. त्यानंतर वाटलं की वरची तूर आणि पोटातली तूर सारखी नाही, आतली थोडी गार आहे, आणि मूठ वळली की दाणे वेगळ्या आवाजात सरकतात. यापुढे मला काही कळलं नाही. पण एवढं कळलं की तुम्ही नुसत्या बसत नव्हतात. आणि खरं सांगायचं तर, तक्ता लिहितानाच मला तशी शंका आली होती. तरी लिहिलं. काहून लिहिलं याचा तीन दिवस विचार करते आहे. रकाना रिकामा राहत होता हे एक. दुसरं असं, की या चोवीस वर्षांत तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी एकदा आपण तुम्हाला सांगावं, अशी इच्छा मनात कुठेतरी होती. सांगितलं, आणि तेच नेमकं चुकीचं निघालं.

झालं गेलं पोटात घाला आणि या. घर तुमची वाट बघतं आहे. वन्संना नमस्कार, वैष्णवीला अनेक आशीर्वाद.

तुमची,
मंजुषा

ता. क. घर वाट बघतं आहे हे मी शोभेसाठी लिहिलं. घर ठीक चाललं आहे, तुमचे चिरंजीव खिचडी करायला शिकले. वाट मिल बघते आहे. एकवीस तारखेला परीक्षक येऊन चालू मिल बघणार आहेत. त्या दिवशी चुरी एकोणीस निघाली तर मी नापास, आणि माझ्या जागी बाहेरचा माणूस.

आणखी एक ता. क. पण पत्र त्यासाठीही नाही. परीक्षेपुरत्या तुम्ही याल, मला माहीत आहे. डाळ बिघडलेली तुम्हाला बघवत नाही. मी तो तक्ता फाडला आणि प्रकल्प नव्यानं लिहिते आहे. विषय: ती बावन्न मिनिटं. तुम्ही शेजारी बसून सांगाल तेवढंच त्यात येईल. पहिल्या पानावर विद्यार्थ्याचं नाव असतं आणि खाली मार्गदर्शकाचं, सहीसकट. सर म्हणाले, माझं टाका. मी तिथे ‘जनकाबाई उकंडराव’ असं लिहिलं आहे. पान सोबत ठेवलं आहे, सहीची जागा पेन्सिलीनं दाखवली आहे.

साक्षरतेच्या वर्गात तुम्ही सही शिकलात, अक्षर माझ्याहून वळणदार आहे. ती सही तुम्ही एकदाच केलीत, भावाच्या नावे वावराचा हक्क सोडताना. तेव्हापासून मस्टरवर अंगठा, बँकेत अंगठा. पुन्हा कोणत्याही कागदावर सही करणार नाही म्हणालात, आणि केली नाहीत. हा कागद तुमचं काही घेणार नाही असं लिहिणार होते, पण तेव्हा तुमच्या भावानंही तेच सांगितलं असेल. तुम्ही नाही म्हणाल हे धरूनच चालले आहे. (वैष्णवी, एकदाच विचार, आग्रह करू नकोस. “न्हाई” म्हणाली तर पान तसंच परत पाठव. मी जागा रिकामी ठेवीन, सरांचं नाव घालणार नाही.)

तरी विचारते, आत्याबाई. एक सही द्याल?