शहात्तरचा कप

रहाटणी,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. सुखदास बाबाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे. आईचा गुडघा आता कुरकुरत नाही, पण जिना चढताना ती अजून कठड्याला धरते. काळेवाडीकडच्या रस्त्याचं खोदकाम संपलं म्हणून आम्ही खूश होतो, तर परवा त्यांनी पलीकडची बाजू खोदायला घेतली. चाकणचा ट्रॅफिक आहे तिथेच आहे, म्हणजे शब्दशः आहे तिथेच. कंपनीच्या बसमध्ये माझं बरंच वाचन होतं.

फोन केला की तू "आईला द्या" म्हणतेस, म्हणून हे हाताने लिहून, स्कॅन करून पाठवतोय.

आता बैठकीबद्दल. लग्नाची बोलणी मोठ्या माणसांनी समोरासमोर बसून करायची, हा आग्रह माझाच होता. समोरासमोर म्हणजे लॅपटॉपसमोर का होईना. मी नवा शर्ट घातला. तुझ्या आईने तर कॅमेऱ्यात न दिसणारी खोलीसुद्धा झाडून काढली. तुझ्या मारेकला वडील नाहीत, तेव्हा त्या घरातले थोरले म्हणजे त्याचे आजोबा, तुमचे देदको. त्यांनी विचारलं, "पुणे?" मी लगेच दुरुस्त केलं: पुणे नाही, पिंपरी-चिंचवड. महानगरपालिका वेगळी, आयुक्त वेगळा. ते हसले, मान डोलावली. तिथपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं.

मग मला वाटलं, या माणसाला कळू दे की मुलीचा बाप स्लोव्हाकिया कोळून प्यायलाय. तुझ्या आईसारखा स्लोव्हेनिया म्हणणारा नाही. (तिला सांगून दमलो, दोन्हींच्या मध्ये ऑस्ट्रिया आणि हंगेरी आहेत. ती म्हणते, "मुलगी एकाच ठिकाणी आहे ना? मग झालं.") तुझ्या दुभाषेपणाची वाट न बघता मी माझ्या इंग्रजीत म्हणालो, "सेव्हंटी सिक्स, युरोपियन कप, चेक! स्लोव्हाकिया झिरो. नो प्रॉब्लेम, नेक्स्ट टाइम."

देदकोंना इंग्रजी येत नाही. पण तेवढं त्यांना समजलं. ते खुर्ची मागे सारून उठले आणि गेले. खुर्ची रिकामीच दिसत राहिली.

संध्याकाळी तुझा मेसेज आला. ज्याला आपला देश ठाऊक नाही त्याच्याशी सोयरीक नको, असं देदको म्हणतात. आणि खाली तुझं स्वतःचं: "आम्ही दोघंच रजिस्टर करून टाकतो. तुम्ही दोन्ही म्हातारे बसा आपापल्या घरी." म्हातारा म्हणालीस त्याचं काही नाही. "दोघंच" हा शब्द मात्र मला आवडला नाही.

आता माझी बाजू ऐक. माझी माहिती ऐकीव नव्हती. आपल्या फुटबॉल मॅनेजरच्या गेममध्ये प्रत्येक देशाचं पान असतं. चेकच्या पानावर युरोपचे विजेते, १९७६. स्लोव्हाकियाच्या पानावर रिकामी जागा. मी त्याच आठवड्यात नवीन गेम घेतला, उघडून बघितला, अजून तसंच आहे. तुझी आई म्हणाली, "मुलीची बैठक मोडलीत आणि वर कॉम्प्युटर उघडून बसलात!" मी गेमवाल्यांच्या फोरमवर पुराव्यासकट लिहिलं. उत्तर आलं, ही चूक नाही, पद्धत आहे. चेकोस्लोव्हाकियासारखा देश फुटला की जुनं सगळं एकाच्या खात्यावर जातं. कंपनीत मापं तपासायच्या माझ्या स्टँडर्ड रूममध्ये कोणी असं मोजमाप दाखवलं असतं तर मी त्याला गेटपास दिला असता.

गेम उघडला आणि आपला जुना कॉम्प्युटर आठवला. तू चौथीत होतीस. रविवारी दुपारी आई झोपली की आवाज बंद करून आपण बसायचो. नकाशावर डोळे मिटून बोट ठेवलंस ते नेमकं स्लोव्हाकियावर पडलं, म्हणून आपण तिथला क्लब घेतला. तो सोळा वर्षांचा गोलकीपर आठवतो का, ज्याची उंची गेमने चुकून चार फूट दिली होती? मी म्हणालो विकू या. तू रडून घर डोक्यावर घेतलंस, "तो वाढेल ना बाबा!" तो वाढला नाही. तरी तू त्याला फायनलला उभा केलास, आणि आपण जिंकलो.

मशीन जुनं, मेमरी कमी, म्हणून डेटाबेस 'लहान' ठेवावा लागायचा. तसा ठेवला की छोट्या देशांतले निम्मे खेळाडू येतच नसत. समोरच्या संघात नुसत्या राखाडी रंगातल्या बिननावाच्या ओळी. तू विचारायचीस, "बाबा, यातली माणसं कुठे गेली?" मी म्हणायचो, मेमरी वाचवायला काढली. माझा स्लोव्हाकिया तेवढाच होता, सुखदा. निम्मी माणसं काढलेला.

हे माझं मला सुचलेलं नाही. आपली सोसायटी ज्यांच्या रानात उभी आहे त्या मारुतरावांनी पार्किंगमध्ये गाठलं.

"काय नंदूशेठ, त्वांड का पाडलंय?"

मी सगळं सांगितलं.

"मग म्हातारा बरुबर हाय की. माझ्या चुलत्यानं सांगलीला कुस्ती मारली, गदा आणली. पेपरात काय, तर पुण्याचा मल्ल. रहाटणीचं नाव न्हाई. चुलत्यानं मरंस्तवर त्यो पेपर घरात येऊ दिला न्हाई."

"पण मारुतराव, तिकडे तो नियम आहे, की जुन्या देशाचं—"

"आरं पण कुस्ती कुणी मारली? नियमानं?"

घरी येऊन मी त्या फायनलला उतरलेल्या अकरा जणांची माहिती शोधली. आठ जण स्लोव्हाक निघाले. आठ! आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मला माहितीये. सुखदाने सांगितलंय." आणि मग तिने पुढचंही सांगितलं. कप आला त्या दिवशी देदको मारेकच्या वडिलांना खांद्यावर घेऊन चौकात नाचले होते. ते तेव्हा तीन वर्षांचे. आता ते नाहीत.

हे तू मला का नाही सांगितलंस? आईला सांगितलंस.

असो. सोबत दुसरं पत्र आहे, ते देदकोंसाठी. त्यांच्याजवळ बसून, त्यांच्या भाषेत, मोठ्याने वाचून दाखव. एकही वाक्य गाळायचं नाही, आणि मधेच उठून मला फोन करायचा नाही. थंडी पडायला लागली असेल, कानाला बांधत जा.

बाबा

*

रहाटणी, पिंपरी-चिंचवड
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप देदको यांस, नंदकिशोरचा साष्टांग नमस्कार.

तुमचा कप मी दुसऱ्याला देऊन टाकला. तो तुमचा आहे. ज्या मुलाला खांद्यावर घेऊन तुम्ही नाचलात, त्याचाही आहे. माझं शिक्षण कंपनीत आणि स्वतःच्या हिमतीवर झालं, त्यामुळे मला माहीत नाही असं म्हणायची सवय राहिली नाही. तुमच्यासमोर म्हणतो: मला माहीत नव्हतं. तुम्ही उठून गेलात ते योग्य केलंत.

दुसरी गोष्ट. माझ्या मुलीने उन्हाळ्यातच मला मारेकबद्दल विचारलं. मी आजवर "विचार करून सांगतो" म्हणत आलो. मुलगा चांगला आहे, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण मी हो म्हटलं की ती कायमची तिकडची होणार, म्हणून शब्द तोंडातून निघत नव्हता. त्या दिवशी मी तुमच्या देशाची माहिती सांगत सुटलो, कारण मला दाखवायचं होतं की माझी मुलगी जिथे राहते ती जागा मला अजून ओळखीची आहे. ती तशी नाही. मला तिथल्या बसचं तिकीट कसं काढतात तेही माहीत नाही. तुम्ही शिकवलंत तर शिकेन.

आमच्याकडून होकार आहे. मी आणि सुखदाची आई शैला लग्नाला येतो. मुलांनी दोघांनीच सही करून मोकळं व्हावं, असं तुम्हालाही वाटत नसेल. तुम्ही मारेकच्या बाजूला उभे राहा, मी सुखदाच्या बाजूला उभा राहतो.

यातलं काहीही मी तिच्याशी कधी बोललेलो नाही. आत्ता हे तुम्हाला तीच वाचून दाखवते आहे. इथे ती थांबली असेल तर घाई करू नका. तिला थोडं पाणी द्या.

तुमचा,
सुखदाचा बाबा