मॉरिशसच्या तिकिटावरची निहारिका

२ जानेवारी, गुरुवार

पोहण्याच्या क्लासचा नववा दिवस. पाणी बर्फ. महिलांच्या सकाळच्या बॅचला आता आम्ही तिघीच उरलोय, बाकीच्या थंडीनं पळाल्या. शबाना टीचर काठावरून ओरडत होत्या, "डरने का नई मॅडम, पाँव मारो, पाँव." मारले. पहिल्यांदा काठ सोडून सात-आठ हात गेले. नाकातोंडात पाणी, पण गेले.

दहावीला भूगोल शिकवतेय, हे सहावं वर्ष. प्रवाळ फळ्यावर किती वेळा काढला असेल. समुद्र एकदाच पाह्यलाय, कॉलेजच्या सहलीत, तोही गुडघ्यापर्यंत. लग्नानंतर फिरायला मॉरिशस मी ठरवलं. निखिलला थंड हवेचं कुठलंही चाललं असतं. बेटाभोवती प्रवाळाचं कडं, आत उथळ शांत पाणी, तोंड बुडवलं की खाली मासे. त्यासाठीच हा सगळा गारठा.

लग्न १६ फेब्रुवारीला, विमान २१ ला मुंबईहून. फेब्रुवारीत तिकडं चक्रीवादळांचे दिवस असतात, मे बरा, हे दोनदा सांगितलं. नि. म्हणाला, "तुझा भूगोल शाळेत ठेव." हसत म्हणाला. मीपण हसले. आता लिहिताना राग येतोय.

तिकिटं तोच काढणार, त्याच्या ओळखीच्या एजंटाकडून. पासपोर्टचा फोटो पाठवला.

६ जानेवारी, सोमवार

चौथा तास ऑफ होता. स्टाफरूममध्ये चहा घेत असताना नि.चा मेसेज, खाली तिकिटं. पहिलं त्याचं, निखिल पवार. दुसरं 'मिसेस निहारिका निखिल पवार'.

खरं सांगायचं तर मनात आलं, याचं आधीच कुठंतरी लग्न झालंय. व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"ही निहारिका कोण?"

तो हसला. "तूच. लग्नात नाव बदलणार ना, म्हणून तेच टाकलं. आईनं ठरवलंय. निखिल, निहारिका. छान जमतंय की."

"मला कधी सांगणार होतास?"

"सरप्राइज होतं."

घंटा झाली. नववी ब मध्ये गेले, फळ्यावर तारीख लिहिली आणि खडू मोडला. पोरींनी विचारलं, टीचर बरं नाही का? बरं नाही म्हणाले. एकोणतीस वर्षं गोदावरी रंगनाथ शेळके. पासपोर्टला पोलीस चौकशी करायला घरी आला तेव्हा शेजारच्या काकूंनी सही करून सांगितलं होतं, ही गोदावरीच. शेजारणीलाही ठाऊक असलेलं नाव माझ्या होणाऱ्या नवऱ्याला नको.

७ जानेवारी, मंगळवार

पासपोर्टवर गोदावरी, तिकिटावर निहारिका. अशानं मला विमानात कोण बसू देणार? नि.ला एवढंच विचारलं. त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. इंजिनिअर आहे.

संध्याकाळी त्याचा फोन. एजंट म्हणतो एखादं अक्षर चुकलं तर दुरुस्त होतं, अख्खं नाव बदलत नाही. मग त्याचा उपाय : "तू पासपोर्टच नव्या नावानं करून घे ना."

"लग्नाचा दाखला लागेल त्याला. लग्न सोळाला, विमान एकवीसला."

"मी बघतो कुणाची ओळख निघते का."

म्हणजे स्वतःची चूक दुरुस्त करण्यापेक्षा मला दुरुस्त करणं त्याला सोपं वाटतंय. हे फोनवर बोलायला हवं होतं. बोलले नाही. इथं लिहितेय, त्याचाही राग.

८ जानेवारी, बुधवार

क्लासला गेले नाही.

आई तीळ निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बदलतेतच की नाव. माझं नाय का बदललं?"

मला माहीतच नव्हतं. आई म्हणजे मंगल, आधार कार्डावर, रेशन कार्डावर, सगळीकडं मंगल. लग्नाआधी ती कौसल्या होती. घरात थोरल्या जाऊबाईंचं नाव कौसल्या, एका घरात दोन नकोत म्हणून हिचं मंगल केलं. तांदळात अंगठीनं लिहिलं आणि झालं.

"राग नाही आला?"

"कुणाचा करायचा? विचारलंच नव्हतं कुणी. दोन-तीन महिने मंगल म्हणून हाक मारायचे अन् मी बघायचीच नाय. मला वाटायचं दुसऱ्या कुणाला बोलवायलेत. मग म्हणले, पोरगी बहिरी गळ्यात मारली. पैठणला दवाखान्यात नेलं कान दाखवायला."

हे सांगून ती हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला नाही हसू आलं. म्हणलं, डॉक्टरला सांगितलंस का? म्हणे, "काय सांगू? डॉक्टरनंबी मंगल म्हणूनच हाक मारली."

१० जानेवारी, शुक्रवार

चार दिवस मनातल्या मनात निखिलच्या आईशी भांडतेय. साखरपुड्यात किती गोड बोलत होत्या. माझ्या हातात हात घेऊन बसल्या होत्या. आणि माघारी हे. शाळेत रागात अकरा वह्या तपासल्या, एकीलाही चांगला शेरा दिला नाही. उद्या परत काढून बघायला पाहिजेत. पोरींचा काय दोष.

नि.चे मेसेज येतात. समुद्राचे फोटो, नारळाची झाडं. ते फोटो मीच त्याला नोव्हेंबरात पाठवले होते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. निखिलच्या आई साडी अन् तिळगूळ घेऊन आल्या. एकट्याच, रिक्षानं. मी ठरवलं होतं, आज विचारायचंच. आईनं डोळ्यांनी दटावलं तरी विचारलं.

"निहारिका नाव तुम्हाला का आवडलं?"

त्या चपापल्या. साडीची घडी परत घालत म्हणाल्या, "मला? मला तर ते नीट म्हणताबी येत नाही बाई. निखिलनंच काढलं, मोबाइलमध्ये बघून. मी म्हणलं, गोदावरी काय वाईट आहे? तर म्हणे तू मधे पडू नको."

आईनं चहा पुढं केला. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "मी सांगितलं म्हणून त्याला सांगू नको."

म्हणजे त्याही घाबरतात त्याला. आणि मी आठ दिवस या बाईला शिव्या देत होते.

१५ जानेवारी, बुधवार

उस्मानपुऱ्यात ज्यूसच्या दुकानात भेटलो. मी बोलावलं. तो ऑफिसातून थेट आला, गळ्यात ओळखपत्र तसंच.

त्याच्या आईंचं नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं, नाव कुणी ठरवलं?

"सांगितलं ना, आईनं."

"परत सांग."

मान खाली घालून स्ट्रॉ फिरवत बसला. मग बाहेर आलं. साखरपुड्याचे फोटो त्यानं ऑफिसच्या ग्रुपवर टाकले होते, खाली आमची नावं. कुणीतरी लिहिलं, जपून, पूर येईल. दुसऱ्यानं विचारलं, वहिनींचं वय काय, माझ्या आजीच्या वयाच्या बाईचं नाव आहे. सगळे हसले.

"तू काय लिहिलंस?"

"काय लिहिणार? मीपण हसण्याचं चित्र टाकलं."

त्याच दिवशी त्यानं नाव शोधलं. ऑक्टोबरपासून ठरलेलं. म्हणजे आम्ही बेट निवडत होतो तेव्हा, खोली समुद्राच्या बाजूची घ्यायची की बागेच्या यावर तासभर बोलत होतो तेव्हाही, त्याच्या डोक्यात तिथं जाणारी बाई दुसरीच होती.

"आईंवर का ढकललंस?"

"वाटलं, आईचं म्हणलं तर तू ऐकशील."

हे वाक्य तो अगदी सरळ बोलला. लपवून बोलला असता तर बरं झालं असतं. मी उठून निघाले. मागून हाक मारली त्यानं, "गोदा, ऐक ना." दुकानात हळूच मारली, रस्त्यावर नाही.

१८ जानेवारी, शनिवार

बाबांना सांगितलं. तीस वर्षं एसटीत कंडक्टर, सगळ्यांशी बोलून बोलून दमलेला माणूस, घरात कमीच बोलतात. ऐकून घेतलं. म्हणाले, "तू झालीस तवा मी ड्युटीवर पैठणला व्हतो. घाटावर तोंड धूत व्हतो, तिथं निरोप आला." मग, "पत्रिका वाटून झाल्यात, गोदे. समद्या गावात."

"मग गावालाच लग्न करू द्या."

असं मी बाबांना कधी बोलले नव्हते. ते उठून चप्पल घालून बाहेर गेले. आई म्हणाली, "झालं समाधान?" नाही झालं.

लग्न मोडायचं का, हे मला अजून कुणी सरळ विचारलेलं नाही. मीही स्वतःला नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

नि.चा दुपारी फोन, चिडलेला. "तुझे बाबा कंपनीच्या गेटवर आले होते. वाळूजपर्यंत बसनं. दोन तास बसून होते सिक्युरिटीपाशी. लोक विचारत होते कोण आहेत म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"ते जाऊ दे."

"आणि बाबा काय म्हणाले?"

"काही नाही. म्हणाले, माझ्या पोरीचं नाव मी ठेवलंय, तेवढं लक्षात असू द्या. चहा विचारला तर नको म्हणले. निघून गेले."

घरी येऊन बाबांवरही चिडले, न विचारता गेलात कशाला? ते पेपर वाचत राह्यले. पण त्यांच्या चपलांना वाळूजची पांढरी धूळ होती, ती मी पुसली. रडले नाही. रडायला येत होतं, ते रागाचं होतं का कशाचं ते कळेना.

२३ जानेवारी, गुरुवार

क्लास परत सुरू. शबाना टीचरनी विचारलं, दोन आठवडे कुठं होता? म्हणलं, घरात भांडण. त्या म्हणाल्या, "पानी में तो आके लड़ना था." आज पूर्ण रुंदी पार केली, मधे पाय न टेकता. रागात पाय जोरात पडतात. काठाला हात लागल्यावर टाळ्या वाजवल्या त्यांनी, बाकीच्या दोघींनीपण.

नि.चा मेसेज आला होता. जुनी तिकिटं रद्द केली, एजंटानं त्याच विमानात दोन जागा धरून ठेवल्यात, माझी पासपोर्टवरच्या नावानं. गोदावरी रंगनाथ शेळके, एकेक अक्षर बरोबर. खाली लिहिलंय, 'आता तरी राग सोड. बुधवारपर्यंत हो कळव.'

तीनदा वाचलं. तिकीट बरोबर आहे. माफी कुठंच नाही.

मी उत्तर दिलं : ऑफिसच्या मित्रांना भेटायचंय मला, तिकिटाचं त्यानंतर. त्यानं अर्ध्या तासानं लिहिलं, रविवारी जेवायला जाऊ.

२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंडावंदन करून दुपारी गेले. चौघं मित्र, दोघांच्या बायका. चांगली माणसं वाटली, हेही लिहायला पाहिजे. खुर्ची ओढून दिली, प्रवासाचं विचारलं. नि. म्हणाला, "ही माझी होणारी बायको." आणि बसला.

एका मित्राच्या बायकोनं विचारलं, "नाव काय तुमचं?"

मी गप्प बसले. नि.कडं बघत राह्यले. मुद्दाम. त्याला कळलं मी कशासाठी थांबलेय ते. कान लाल झाले त्याचे. पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला. मग म्हणाला, "गोदावरी."

तोंडातल्या तोंडात.

"काय?" तिनं विचारलं. खरंच ऐकू गेलं नव्हतं तिला.

तेवढ्यात वेटर आला. कुणी पनीर सांगितलं, कुणी रोट्या. नि. मेनूत डोकं घालून बराच वेळ बघत होता. तिनं परत विचारलं नाही. त्यानंही परत सांगितलं नाही. दीड तास मला सगळे 'वहिनी' म्हणाले.

गाडीवरून सोडताना तो म्हणाला, "सांगितलं ना मी?" आवाजात भांडण नव्हतं. शाब्बास म्हणावं असं वाटत होतं त्याला. आणि त्याला जड गेलं हे मला दिसलं होतं, ते दिसलं नसतं तर सोपं झालं असतं. मी घरात आले.

बाबांनी विचारलं, कसं झालं? म्हणलं, जेवण बरं होतं.

बुधवारला तीन दिवस. 'हो' लिहिलं आणि पुसलं. 'नाही' लिहिलं, तेही पुसलं. त्याला तिकडं दिसत असणार मी काहीतरी टाइप करतेय म्हणून. बघत बसू दे.