दगडावरचा पाव

रविवार, ३ जानेवारी १८४७

वहीबाई, मी कोण ते आठवतंय का? नाही ना! पान उलटलं की तू सगळं विसरतेस. माझी सून हेस्टर तुझीच बहीण — चुलीवर दूध ठेवते आणि दारात गप्पा मारत उभी राहते. तर पुन्हा सांगते. मी हॅना प्रीस. मला अक्षर येत नाही. मी बोलते, हेस्टर लिहिते. मधेमधे ती हसते. हसू दे, पण ते लिहायचं नाही असं बजावलंय.

आज चर्चमध्ये पाद्रीबाबांचं मृत्युपत्र वाचलं. आमचे व्हिटकॉम पाद्रीबाबा नोव्हेंबरात गेले. तरुणपणी या डोंगरात आले, इथेच म्हातारे झाले. लग्न नाही, मूलबाळ नाही. कोंबडी चर्चमध्ये शिरली तर तिलाही 'अहो, जरा बाहेर' म्हणणारा माणूस!

वकिलाने वाचलं — गिरणीमागचं शेत गावातल्या गरिबांना. त्याच्या उत्पन्नातून दर रविवारी बारा पाव भाजायचे. इथपर्यंत सगळ्यांचे डोळे ओले. मग पुढचं वाचलं — पाव माझ्या थडग्याच्या दगडावर ठेवावेत, आणि ज्याला गरज असेल त्याने ते तिथून उचलावेत.

बायकांनी पोरांना जवळ ओढलं.

मेलेल्याच्या अंगावरचा पाव! तू कागदाची, तुला काय कळणार. आमच्याकडे माणूस मेला की त्याच्या छातीवर पाव ठेवायचे. पलीकडच्या खोऱ्यातून पापखाऊ यायचा. तो पाव खायचा, वर बिअर प्यायचा. मेलेल्याचं पाप त्याच्या अंगाला चिकटायचं, मेलेला मोकळा. मग त्याला दगड मारून हाकलायचं. आणि याच पाद्रीबाबांनी ते बंद करायला घसा कोरडा केला होता. "पाप म्हणजे काय बटाटा आहे, खाल्ला की संपला?"

आणि आता स्वतःच!

अजून एक कलम आहे. मार्चातल्या लेडी डेपर्यंत, म्हणजे पंचवीस तारखेपर्यंत, एकही पाव कुणी उचलला नाही, तर गावात गरीब उरले नाहीत असं समजावं आणि शेत ब्रिस्टलच्या भाच्याला द्यावं. भाचा पहिल्या बाकावर होता. सगळ्या चर्चमध्ये त्याचेच डोळे तेवढे कोरडे.

१० जानेवारी

पाव ठेवले. पांढरेशुभ्र, टम्म फुगलेले. आम्ही सगळे भिंतीशी उभे राहून आकाशाकडे बघत होतो, जणू तिथे काही चाललंय.

कावळ्यांनी खाल्ले.

१७ जानेवारी

पुन्हा कावळेच.

आता गाव पाद्रीबाबांचं पाप शोधायला लागलंय. विहिरीवर दुसरा विषय नाही. "तरुणपणी बाई असणार." "छे गं, दारू!" "मोठ्या शहरात कुणाला तरी फसवून आले असतील, नाहीतर एवढा शिकलेला माणूस आपल्या चिखलात कशाला राहील?" मी म्हटलं, त्यांचं पाप मला ठाऊक आहे — ते गायचे. नाताळात त्यांचा आवाज लागला की गाईंचं दूध आटायचं. सगळ्या हसल्या. पण पाव घ्यायला चला म्हटल्यावर सगळ्यांना घरची कामं आठवली.

मी तरी कुठे गेले? गावात सगळ्यांत म्हातारी मी. सगळे म्हणतात, "प्रीसआजी, तुम्ही आधी घ्या." म्हणजे काय? माझे दिवस भरलेच आहेत, तेव्हा मला पाप चिकटलं तरी चालेल! वा!

३१ जानेवारी

बर्फ. शेजारची डॉर्कस सलगमाची साल उकळून पोरींना देते. तिचा नवरा सुगीत दगडखाणीत मेला, आणि शरदात बटाटा काळा पडला. दोन पोरी. मी तिला म्हटलं, "जा, एक पाव उचल. बघेन मी कोण बोलतं ते."

"आजी, मला एकटीला चिकटलं तर चालेल हो. पण पोरी खातील ना. पाद्रीबाबांनी काय केलंय ते तरी कळू दे. ठाऊक नसलेलं पाप पोरींच्या माथी कसं मारू?"

मी खाली मान घालून घरी आले. मी! हेस्टर, हे ठळक लिही.

७ फेब्रुवारी

सायलसची आठवण आली. माझा नवरा. गावातला पट्टीचा पापी! दुसऱ्याच्या रानातले ससे मारायचा, जमीनदाराच्या माणसाचं नाक त्याने फोडलं होतं, आणि चर्चमध्ये लग्नानंतर पाऊल नाही. झाड तोडताना तेच अंगावर पडलं. प्रार्थनेपुरताही वेळ मिळाला नाही.

त्या दिवशी ओढ्याला पूर. पापखाऊ अलीकडे येईना. मी सायलसच्या छातीवर पाव ठेवून बसले. पाव तरी कसला — बार्लीचा, रडता रडता भाजलेला, खालून काळा ठिक्कर. मग पाद्रीबाबा आले. तेव्हा नवीनच होते, गालावर नीट दाढीसुद्धा नाही. मला वाटलं, पाव बघून ओरडणार. पण ते म्हणाले, "हॅनाबाई, सगळे जरा बाहेर थांबा. मी एकटा प्रार्थना करतो." आम्ही आत आलो तेव्हा पाव नाही, बिअर नाही! आणि आमचा कुत्रा निप खाटेखाली जिभल्या चाटत होता.

तेव्हापासून मी त्या कुत्र्याला कधी लाथ मारली नाही. सायलसचं सगळं पाप त्याच्या पोटात! आणि पुढे तो शेजारच्या कोंबड्या चोरायला लागला, तेव्हा माझी खात्रीच पटली. मेला तेव्हा डॅमसनच्या झाडाखाली पुरला, आणि मनात म्हटलं, देवा, या दोघांचं काय ते तू बघ.

१६ फेब्रुवारी

आज उपास सुरू व्हायच्या आदला, घराघरांत पॅनकेक करायचा मंगळवार. पीठ नाही. हेस्टरने तव्यावर नुसती चरबी फिरवली. वास घेतला आणि झोपलो.

२१ फेब्रुवारी

नव्या पाद्र्याला गाठून विचारलं — व्हिटकॉमबाबांचं पाप काय होतं? तो बिचारा घाबरला. "आजीबाई, ही दान द्यायची एक पद्धत आहे. बाकी काही अर्थ नसावा."

"नसावा की नाही?"

"नसावा," म्हणाला.

मग वकिलाला गाठलं. तो म्हणतो, मीही त्यांना विचारलं होतं, दगडावरच का? तर म्हणाले, "दगड सपाट आहे आणि कोरडा राहतो." दगड सपाट! मरायला टेकलेला माणूस दगड सपाट आहे की नाही याचा विचार करत होता? की काही लपवत होता? की आम्हीच वेडे? डोकं नुसतं गरगरतंय. पापखाऊला शिव्या देणारा माणूस आम्हा सगळ्यांना पापखाऊ करून गेला — यावर माझा विश्वास बसत नाही. आणि पाव उचलायचं धाडसही होत नाही. असं कसं?

१४ मार्च

लेकी आईला भेटायला येतात तो रविवार. प्रार्थना संपली. डॉर्कसची धाकटी, लेटी, दगडापाशी जाऊन उभी. हात पाठीमागे घट्ट धरलेले. मान पुढे काढून पावांचा वास घेत होती. डॉर्कस धावली, तिला फटका मारला आणि स्वतःच रडायला लागली.

पोर रडली नाही. माझ्याकडे आली आणि विचारलं, "आजी, वास घेतला तरी चिकटतं का?"

हेस्टर, आज एवढंच.

२१ मार्च

गुरुवारी लेडी डे. म्हणजे आजचा शेवटचा रविवार. भाचा ब्रिस्टलहून घोड्यावरून आला, कोट नवा, आणि थडग्याजवळ उभा राहिला. शेत मोजायला माणूसही आणलेला!

मी गेले. दगडाला म्हटलं, "पाद्रीबाबा, काय केलंत ते केलंत. मी सायलस प्रीसची बायको. तुमचं पाप त्याच्या पुढे किती मोठं असणार?" सगळ्यांत मोठा पाव उचलला. तोडला. खाल्ला. मग वळून म्हटलं, "बघा रे! पहिला मोठा घास मी खाल्लाय. पाप होतं ते त्यात गेलं. आता उरलाय तो नुसता पाव. या!"

आधी लेटी आली. तिच्यामागे डॉर्कस. मग सगळेच, अशी झुंबड की मला हेस्टरने ओढून बाजूला घेतलं. भाचा घोड्यावर बसला तेव्हा कावळे त्याच्याकडे बघून ओरडत होते. त्यांचंही शेत गेलं ना!

म्हातारा एनॉक, आमचा थडगी खणणारा, फावड्यावर रेलून माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत पाणी. म्हटलं, "काय रे, माझं माप घेतोयस का?" तो नुसती मान हलवत राहिला.

२४ मार्च

पोट बरं आहे. अंगाला काही चिकटल्यासारखं वाटत नाही. कोंबडी चोरावीशी वाटली तर सांगेन.

२५ मार्च, लेडी डे

एनॉक आला होता. टोपी हातात. म्हणाला, "हॅना, तो कुत्रा नव्हता."

"कुठला कुत्रा?"

"निप. सायलसच्या वेळी मी खिडकीशी उभा होतो, खांदा द्यायला. पाद्रीबाबांनी खाल्ला तो पाव. गुडघ्यावर बसून. बिअरही प्यायले. कुत्र्याला फक्त खाली पडलेला चुरा मिळाला. मला बघितलं त्यांनी, म्हणाले, मी जिवंत आहे तोवर बोलू नकोस."

"मग ते नोव्हेंबरात गेले! हिवाळाभर तोंडाला काय झालं होतं तुझ्या?"

"आधी सांगितलं असतं, तर त्यांचं ऋण फेडायला तू सगळे पाव एकटीनेच खाल्ले असतेस."

म्हणजे मी रविवारी खाल्लं ते कुणाचं? सायलसचं? त्यांनी इतकी वर्षं सांभाळून मला परत दिलं? की दगड खरंच सपाट होता म्हणून? कळत नाही, वहीबाई. काहीच कळत नाही. एवढंच कळतंय की तो करपलेला, काळा पाव त्या पोरसवदा माणसाने पूर्ण खाल्ला, आणि मला आयुष्यभर एका शब्दाने बोलला नाही.

हेस्टर, डॅमसनच्या झाडाखाली एक हाड ठेवून ये. आणि रविवारी दगडावरच्या बारा पावांशेजारी आपल्या घरचा एक पाठव. बार्लीचाच. लोणी लावून. आणि दारात गप्पा मारू नकोस — करपू देऊ नकोस.