टाळ्या संपेपर्यंत सुई उचलू नये

मी, चनमल्लप्पा मल्लप्पा हलबर्गे, वय वर्षे चौसष्ट, धंदा लाउडस्पीकर भाड्याने देणे, राहणार भालकी, जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. कान बुद्धीहूनही शाबूत आहेत. कुणी धाक घातलेला नाही. गोड बोलून सही घेण्याचा प्रयत्न दोघांनी केला, त्यांना मी दारातूनच परत पाठवले.

वकीलसाहेब म्हणाले, इंग्रजीत टाइप करून आणतो. कचेरीत म्हणाले, कन्नडात द्या. घरात आम्ही कन्नड बोलतो, पण मी लिहायला शिकलो ते मराठीत, आणि जे मला स्वतःला नीट वाचता येते त्यातच लिहिणार. मधेच कुणी एखादे वाक्य सरकवले तर मला दिसले पाहिजे.

यंदाच्या जूनमध्ये केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात मुलगा जगदेव याला काडीही देऊ नये असे लिहिले होते. ते का बदलले हे कलम सहामध्ये येईल. घाई करून कुणी ते आधी वाचू नये.

कलम १. घर. बाजारपेठेतले दोन खोल्यांचे घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते मुलगी अक्कम्मा, दिल्या घरी आळंद, आणि जगदेव यांना निम्मे-निम्मे. परसातला हद्दीचा दगड शेजाऱ्याने तीन बोटे आत सरकवला आहे. तो म्हणतो, पावसाने सरकला. पाऊस दरवर्षी एकाच बाजूला कसा सरकवतो, हे त्याला चारचौघांत विचारावे. खरे माप मी मागच्या भिंतीवर खिळ्याने कोरून ठेवले आहे आणि त्यावर कॅलेंडर लावले आहे.

कलम २. माझी मयत पत्नी गुरुबाई हिचे दागिने आणि बँकेतली शिल्लक अक्कम्माला. या मुलीने सात वर्षे माझ्यापासून एक गोष्ट लपवली. तरी देतो.

कलम ३. दुकानातले सामान, म्हणजे दोन मशीन, सहा भोंगे, चार माईक, वायरी आणि जनरेटर, हे पिराजीला. पूर्वी एका वर्षी आंबेडकर जयंतीला भोंगे देऊ नका, असे सांगायला गावातली दोन वजनदार माणसे दुकानात आली होती. मी दिले. त्या दिवशी झाडावर भोंगा बांधायला जो तरुण चढला तो पिराजी, आणि तेव्हापासून तो माझ्याकडेच आहे. पहिली पाच वर्षे मी रोज संध्याकाळी माईक मोजून घेत असे. त्याला ते माहीत होते. तो मोजणी होईपर्यंत शांत उभा राहायचा. आता त्याची माफी मागतो. माईक मात्र त्यानेही रोज मोजावेत.

कलम ४. रेकॉर्डी. सन १९७१ मध्ये बीदरला हवाई दलाच्या अधिकाऱ्यांच्या नाचाच्या कार्यक्रमाला माझे मशीन होते. एका तरुण अधिकाऱ्याची बदली झाली होती, त्याने नऊ रेकॉर्डी मला तशाच देऊ केल्या. फुकट म्हटल्यावर कुठेतरी पाणी मुरते आहे असे वाटून मी एकेक रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी ऐकली. ओरखडा सापडला नाही, पण मी सापडलो. हे रॉक नावाचे इंग्रजी गाणेबजावणे, आणि तेही बंद खोलीत भरलेले नव्हे, हजारो माणसांसमोर वाजवताना जागेवरच भरलेले. शब्द एक कळत नव्हता. पण माईक कुठे कोकलला, मशीनवाल्याने तो कसा सावरला, गर्दी कधी कंटाळली आणि कधी उठून उभी राहिली, हे सगळे मला घरच्यासारखे कळत होते.

पिवळ्या पाकिटाची माझी सगळ्यांत लाडकी. तिच्यात गिटारची तार तुटते आणि ढोल वाजवणारा एकटा, तार बदलून होईपर्यंत, सगळी गर्दी धरून ठेवतो. निळ्या पाकिटाच्या रेकॉर्डमध्ये शेवटच्या टाळ्यांत एक माणूस लांब शिट्टी घालतो आणि लगेच एक बाई खळखळून हसते. मी त्यांना नवराबायको समजतो. लाल पाकिटाची खोटी आहे. दोन गाण्यांनंतर त्याच टाळ्या, तोच खोकला. रिकाम्या खोलीत वाजवून वरून गर्दी चिकटवली आहे. ती वकीलसाहेबांना द्यावी, दोघांचे जमेल.

उरलेल्या आठ जगदेवला. अट एकच: टाळ्या संपेपर्यंत सुई उचलू नये. गाण्यात माणूस फसवू शकतो, टाळ्यांत पकडला जातो. अठरा वर्षांत हा नियम मी एकदाच मोडला.

कलम ५. तो असा मोडला. जगदेव याच रेकॉर्डी ऐकत वाढला आणि हैदराबादेत शिकायला गेला तेव्हा गिटार वाजवू लागला. निळ्या पाकिटाची रेकॉर्ड त्याने कॅसेटवर भरून नेली होती. सन १९८२ च्या दिवाळीत तो एक कॅसेट घेऊन दुकानात आला. चारपाच मंडळी बसली होती.

"अप्पा, आमचा प्रोग्राम झाला हॉलमंदी," तो म्हणाला. "लाइव्ह भरलाव बघा."

पहिले गाणे चांगले होते. हे मी आज लिहितो आहे, तेव्हा म्हणालो नाही. मग टाळ्या आल्या. टाळ्यांत लांब शिट्टी आली आणि बाई हसली.

मी टेप बंद केला. निळ्या पाकिटाची रेकॉर्ड काढून नेमक्या जागी सुई ठेवली. तीच शिट्टी, तीच बाई. मंडळी हसू लागली.

"कुणाला शेंडी लावायलास?" मी म्हणालो. "माझ्याच रेकॉर्डवरल्या टाळ्या मलाच ऐकवायलास?"

"अप्पा, शेवटपर्यंत ऐका तरी."

"काय ऐकायचंय? कळलं मला."

तो कॅसेट तिथेच टाकून दुपारच्या गाडीने गेला, तो आजतागायत आलेला नाही. गुरुबाई आतल्या दारात उभी होती. "कामून केलाव हो असं?" एवढेच म्हणाली. पोराची बाजू घेते म्हणून मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

कलम ६. त्या दिवाळीच्या आधी गुरुबाई बहिणीकडे हुमनाबादला म्हणून जाऊन आली होती. तिच्या पिशवीत मला हैदराबादच्या गाडीचे तिकीट सापडले. विचारले तर म्हणाली, "कंडक्टरनं चुकून दिलं असंल." मी ते तिकीट ठेवून घेतले आणि मागे तारीख लिहिली. ही बाई काय लपवते आहे, याचा सहा वर्षे मागोवा घेत राहिलो. गेल्या साली ती वारली.

जूनचे मृत्युपत्र पाहून वकीलसाहेब म्हणाले, मुलाला बेदखल करायचे तर कारणही पुराव्यानिशी लिहा. म्हणून गेल्या महिन्यात ती कॅसेट काढली. शिट्टी कुठे कुठे येते ते टिपून घ्यायचे, म्हणजे शेवटपर्यंत ऐकणे भाग होते. पिराजीला सोबत बसवले. चार गाणी, चार वेळा तीच शिट्टी, तीच बाई. चौथ्या खेपेला चिकटवलेल्या टाळ्या संपल्या आणि त्यांच्यामागून आठ टाळ्या आल्या. एकाच माणसाच्या, माईकच्या अगदी जवळ, आणि प्रत्येक टाळीबरोबर काचेच्या बांगड्या. उजवा तळवा खोलगट करून वाजवलेल्या. बसवजयंतीच्या भजनात माझ्याच माईकमधून ती टाळी मी तीस वर्षे ऐकली होती.

पिराजी हळूच म्हणाला, "अण्णा, ह्या तर वैनी हायती."

दुसऱ्या दिवशी मी आळंदला गेलो आणि अक्कम्माला विचारले.

"व्हय अप्पा, अव्वा गेल्ती. हॉलमंदी दोघंच. अव्वा अन् तिथला वॉचमन. बाकीच्या टाळ्या जगूनं तुमच्यासाठी चिकटिवल्या. रिकामा हॉल ऐकून तुम्ही हसला असताव."

"मला कामून सांगितलं न्हाईस?"

"कवा कुणावर इस्वास ठिवलाव तुम्ही?"

आळंदच्या स्टँडवर बसून मी रडलो. लोक बघत होते, बघू दिले. पोराने खोट्या टाळ्या माझ्यासाठी चिकटवल्या, पण आईच्या आठ पुसल्या नाहीत. त्या ऐकवायलाच तो आला होता. सगळ्या जन्मात जिथे तिथे खोट शोधली आणि माझ्या घरातली एवढी खरी गोष्ट मी बटण दाबून बंद केली. गुरुबाईला आता काही सांगता येत नाही.

कलम ७. ती कॅसेट आणि ते तिकीट जगदेवला. पत्ता अक्कम्माकडे आहे. पत्र मी तीनदा लिहायला घेतले आणि तिन्ही वेळा ते मलाच खोटे वाटले. म्हणून दुसरे केले आहे.

मशीनवाला कधी टाळ्या वाजवत नाही, त्याचे दोन्ही हात बटणांवर अडकलेले असतात. मीही सगळ्या जन्मात कुणासाठी वाजवल्या नाहीत. काल दुपारी पिराजीला मशीनवर बसवले, खालील दोन साक्षीदारांना खुर्च्या दिल्या आणि जगदेवची चारही गाणी पुन्हा ऐकली. गुरुबाईच्या टाळ्या संपल्यावर पुढे कोरी फीत होती. तिच्यावर माझ्या टाळ्या भरल्या आहेत. आधी हात जुळेनात, तेही भरले गेले आहे, ते कुणी कापू नये. त्या खऱ्या की खोट्या, हे जगदेवला कुणी सांगायची गरज नाही. त्याला कान माझे आहेत.

कॅसेटसाठी माझ्या मरणाची वाट पाहायची नाही. मरणाचा काय भरवसा, ते उशिरा येईल. पिराजीने उद्याच्या पहिल्या गाडीने हैदराबादला जाऊन ती जगदेवच्या हातात द्यावी, दुसऱ्या कुणाच्या नाही, आणि शेवटपर्यंत वाजेतो तिथून हलू नये.

भालकी, ता. १९ नोव्हेंबर १९८९
(सही) चनमल्लप्पा मल्लप्पा हलबर्गे

साक्षीदार:
१. (सही) गुरुपादय्या शिवलिंगय्या स्वामी, निवृत्त शिक्षक, भालकी
२. (सही) तात्याराव मारोती सूर्यवंशी, शिंपी, भालकी

वरील सही आमच्यासमोर केली. टाळ्याही आमच्यासमोर वाजवल्या. त्या संपेपर्यंत आम्ही दोघे बसून होतो.