गेट बदललं तर

१२ मे २०१९, रविवार
विमानतळावर ऐनवेळी गेट बदललं तर आपल्याला कळणार कसं? बायनाबाईंनी सभेत विचारलं. गेट बदलत नसतं, असं सांगून मी विषय मिटवला. इथे मात्र खरं लिहिते : माहीत नाही.

सभा यासाठी होती. दिल्लीच्या एका संस्थेने ठिकठिकाणच्या महिला दूध संस्थांना सहा जूनला बोलावलं आहे. मुंबईहून विमानाची चार तिकिटं त्यांचीच. पाच मिनिटं बोलायचं आणि काय हवं ते मागायचं. आम्हाला दूध गार ठेवायची टाकी हवी आहे. संध्याकाळी घातलेलं दूध सकाळी गाडी येईपर्यंत या उन्हाळ्यात टिकत नाही. एप्रिलमध्ये अकरा कॅन परत आले. टाकी मिळाली नाही तर दिवाळीआधी संस्था बंद होईल, आणि बत्तीसपैकी निम्म्या बाया पुन्हा ऊसतोडीला जातील.

जाणार चौघी. अध्यक्ष बायनाबाई, संचालक दगडाबाई आणि वत्सलाबाई, आणि मी, सचिव. तिघींपैकी कुणीही विमानतळ पाहिलेला नाही. मीही पाहिलेला नाही, पण मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे, अभ्यास करू शकते.

पाण्याचा टँकर आज आला नाही.

१४ मे
विमानतळाचे अकरा व्हिडिओ पाहिले. चार कार्डशीट जोडून नकाशा काढला. टर्मिनल, चेक-इन, तपासणी, गेटं. नियमावलीही केली. नियम १ : सचिवांच्या मागे चालायचं. नियम ३ : सगळे बोर्डिंग पास सचिवांकडे द्यायचे. नियम ६ : सचिव बसवतील तिथून हलायचं नाही. नियम ९ : आत गेल्यावर मोबाईल बंद. नियम ११ : अनोळखी माणसांशी बोलायचं नाही. असे चौदा. पंधरावा नंबर टाकून रिकामा ठेवला आहे, गेटाच्या प्रश्नासाठी.

१७ मे
चारा छावणीच्या मोकळ्या जागेत चुन्याच्या फक्कीने पूर्ण विमानतळ आखला. दोन तास लागले. एका व्हिडिओत दिल्लीचं गेट ४५ होतं, नेमके त्या जागी छावणीतल्या आप्पांचे बैल बांधलेले निघाले. आप्पांना म्हटलं, बैल हलवा. ते म्हणाले, इमान आलं की हालवतो.

बाया चालल्या, पण गांभीर्य नव्हतं. बायनाबाई म्हणाल्या, आगं भामा, ह्ये तर कारखान्याचं गेटच हाय. नंबर लावायचा, टोकन घ्यायचं, काट्यावर वजन करायचं, मंग आपली पाळी. दगडाबाईंनी विचारलं, अन् ऊस टाकायची गव्हाण कुठं हाय? सगळी छावणी हसली. मी शांतपणे समजावलं की विमानतळ आणि साखर कारखाना यांत फरक असतो. वीस-वीस हंगाम ऊस तोडला की माणसाला सगळीकडे कारखानाच दिसतो. यांना मोठं जग दाखवणं हेच माझं काम आहे.

संध्याकाळी गुरांनी टर्मिनल तुडवलं.

२१ मे
प्रोसिडिंग बुकात ठराव क्रमांक ७ लिहून ठेवला. ‘सचिव कु. सत्यभामा यांच्या नेतृत्वाखाली चौघींचे शिष्टमंडळ दिल्लीस सुखरूप पोहोचले. सचिवांनी प्रभावी भाषण केले.’ सहकारात ठराव आधी लिहितात आणि गोष्ट नंतर घडते. ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. सचिव झाले तेव्हाच ती मोडायचं ठरवलं होतं. पण परत आल्यावर कामं फार असतील. आणि यातलं काही खोटं ठरणार नाहीच.

या बुकाच्या पानांना नंबर असतात. पान फाडता येत नाही.

२५ मे
वत्सलाबाईंची गाय पहाटे छावणीत दगावली. दुपारी त्या सरावाला आल्या. गेट ४१ ते ४५ नीट चालून दाखवलं.

फक्की संपली. उद्या राख वापरणार.

३० मे
परळी स्टेशनवर प्रत्यक्ष सराव. इतका मोठा परिसर जवळ दुसरा नाही. मी जिन्यावर उभी राहून प्लॅटफॉर्म बदलणं म्हणजे काय ते समजावत होते. खाली पाहिलं तर तिघी नाहीत. वीस मिनिटांनी चहाच्या टपरीवर सापडल्या. दगडाबाई म्हणाल्या, आमी तर हितंच हाव, तूच कुठं गेलतीस?

मी हरवले नव्हते. पलीकडच्या बाजूची पाहणी करत होते.

भाषण पाठ झालं. हिंदीत चार मिनिटं चाळीस सेकंद.

५ जून, सकाळी ७.१०, मुंबई
केजहून रात्रभर बसने. टॅक्सीवाल्याला टर्मिनल एक सांगितलं, कारण अकरापैकी सात व्हिडिओ तिथलेच होते. दगडाबाईंनी तिकीट हातात घेतलं आणि म्हणाल्या, हितं दोन लिवलंय की. त्यांना अक्षर येत नाही, पण दुधाच्या चिठ्ठ्यांमुळे आकडा चुकत नाही. टॅक्सी वळवली. मीही दोनच म्हणाले होते असं मला आठवतं.

८.५०
चेक-इन. सामानाच्या काट्यावर पिशव्या ठेवायच्या आधी बायनाबाई वाकून म्हणाल्या, आधी काटा शून्यावर दाव. काउंटरवरच्या मुलाने हसून दाखवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बोर्डिंग पास मागितले तर तिघींनी कमरेला खोवले. आपलं टोकन दुसऱ्याच्या हाती द्यायचं न्हाई, म्हणाल्या. नियम ३ मोडला. नोंद ठेवली.

१०.०५, गेट ४५
पोहोचलो. विमान ११.४० चं. आतलं काही माझ्या नकाशासारखं नाही, पण गेट सापडलं, म्हणजे पद्धत बरोबर होती. इथे लाउडस्पीकरवर पुकारत नाहीत, फलक पाहा, असं लिहिलं आहे. व्हिडिओत पुकारत होते. व्हिडिओ जुना असावा.

नियम ११ मोडला. बायनाबाईंनी पिवळ्या बॅगवाल्या माणसाला विचारलं, कुठं निघालाव भाऊ? दिल्ली. मग तान्ह्या बाळाच्या आईला विचारलं. तीही दिल्ली. आता बाळ बायनाबाईंच्या मांडीवर आहे. त्यांना मुंबईला आणून उपयोग काय?

अजून भरपूर वेळ आहे. शेवटच्या गेटापर्यंत जाऊन नकाशा दुरुस्त करून येते. पुढच्या संस्थांना उपयोगी पडेल. तिघींना नियम ६ पुन्हा वाचून दाखवला.

११.०५
आले. तिघी नाहीत. ज्याची भीती होती तेच झालं. हरवल्या.

११.१५
बायकांचे संडास, पाण्याचे नळ, खाण्याची दुकानं. कुठेच नाहीत. दगडाबाईंचा मोबाईल बंद. नियम ९ तेवढा पाळला.

गेट ४५ च्या फलकावर लखनौ लिहिलं आहे. दिल्ली लिहायचं विसरलेले दिसतात.

११.३०
गेटवरच्या मुलीला सांगितलं, आमच्या तीन बाया हरवल्या आहेत, गावाकडच्या आहेत, लुगडी नेसलेल्या, एकीला वाचताही येत नाही, लवकर शोधा. तिने नावं विचारली आणि कॉम्प्युटरवर पाहिलं. तिघी विमानात बसल्या आहेत, म्हणाली. दिल्लीचं गेट पावणेअकराला बदललं, एकोणपन्नास झालं. आता दार बंद झालं. एकच बाई सापडत नाहीये, सत्यभामा नावाची. तुम्ही ओळखता का त्यांना?

१२.२०
मोठी काच. विमानं जातात. आमचं कोणतं ते कळलं नाही.

वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. भाषणाची फाईल मांडीवर आहे. दुसरं तिकीट काढणं आमच्या आवाक्यातलं नाही. बाहेर पडायला हवं, पण बाहेरचा रस्ता मी नकाशावर काढलाच नव्हता. एका सफाईवाल्या मावशींनी जिन्यापर्यंत सोडलं, तिथून एका पोलिसाने.

६ जून, दुपारी, केज बसस्थानक
दगडाबाईंचा फोन लागला. त्यांनी मला नळापर्यंत जाऊन शोधलं होतं म्हणे. पिवळी बॅग उठली, बाळाची आई उठली, तशा याही उठल्या. बायनाबाईंनी फोन घेतला. कारखान्यात नंबर हुकतो माय, म्हणाल्या, म्हून पुढची गाडी अन् मागची गाडी ध्यानात ठेवायची. ती हालली की आपुन हालायचं. लई थांबलो तुझ्यासाठी. पर दुधाची गाडी थांबती का कुणासाठी? म्हणलं, चारातले तीन कॅन तर पोचू दे.

मी म्हटलं, ठीक आहे, मी फोनवरून भाषण वाचते, तुम्ही फोन माईकला धरा. त्या म्हणाल्या, बोलून झालं.

१० जून
तिघी परत आल्या. वत्सलाबाईंनी विमानातली कागदी पिशवी जपून आणली आहे. बायनाबाई दोनच मिनिटं बोलल्या. टेबलावरची पाण्याची बाटली उचलून दाखवली आणि म्हणाल्या, ये पानी इधर थंडा है, हमारा दूध उधर गरम है, बस. कारखान्यावरची हिंदी. माझ्या भाषणात दुष्काळाची आकडेवारी होती, महिला सक्षमीकरणावर दीड मिनिट होतं. असो.

टाकी मंजूर. अट एकच : दौऱ्याचा ठराव, प्रोसिडिंग बुकातली प्रत, अध्यक्षांच्या आणि सचिवांच्या सहीने, आठ दिवसांत पाठवायची.

म्हणजे ठराव क्रमांक ७.

११ जून
बायनाबाईंना ठराव वाचून दाखवला. राहू दे की तुजं नाव, म्हणाल्या. तू अर्ज केला नसतास तर आमाला तिकीट तरी कुणी दिलं असतं? कोण बघतंय. दगडाबाई म्हणाल्या, सेक्रेटरीनबाई इमानातच हुत्या, मागल्या शिटावर, आमी सांगू की.

विचार केला तर तांत्रिकदृष्ट्या ठराव चूक नाही. नेतृत्व म्हणजे प्रत्येक वेळी सोबत असणं नव्हे. नियोजन माझंच होतं. ‘पोहोचले’ म्हणजे शिष्टमंडळ पोहोचलं. उद्या प्रत पाठवते.

१२ जून
प्रत पाठवली नाही. डोकं दुखत होतं.

१३ जून
टँकर आला नाही. छावणीत गेट ४५ ची रेघ अजून थोडी दिसते. बैल तिच्यावरच बसलेले. आप्पांनी विचारलं, इमान आल्तं का गं? मी म्हटलं, आलं होतं. त्यांनी बैल हलवले नाहीत.

१४ जून, शुक्रवार
नियम १५ भरला : पुढची गाडी आणि मागची गाडी ध्यानात ठेवायची. मग वरचे चौदा वाचले.

ठराव ७ वर सकाळी आडवी रेघ मारली. खाली लिहिलं : ‘बायनाबाई, दगडाबाई व वत्सलाबाई दिल्लीस पोहोचल्या. सचिव गेट ४५ येथे राहिल्या. अध्यक्ष बोलल्या.’ बायनाबाईंनी सही केली. मीही केली. खोडलेल्या ओळीशेजारी वेगळी सही लागते, ती पण केली.

दुपारी नांदूरघाटच्या पोस्टात प्रत टाकून आले.