‘जास्त आहे’ या उत्तराच्या चार गुणांबाबत

प्रति,
मेहेरबान डाक अधीक्षक साहेब,
मुक्काम नागपूर.

अर्जदार : शालीकराम, तारवाला शिपाई, डाकघर आमगाव, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा.

विषय : खात्याच्या इंग्रजी परीक्षेत चार गुणांनी नापास केल्याबद्दल फेरविचार होणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने स्वहस्ते इंग्रजीत केलेला सहा शब्दांचा अर्ज, ‘अर्थबोध होत नाही’ या शेऱ्यासह परत आलेला.

महोदय,

साहेबांचे सेवेशी अर्ज सादर केला जातो की, अर्जदार अकरा वर्षांपासून आमगावाहून दरेकशापर्यंतच्या गावांत पायी तारा पोचवतो. इंग्रजी तो तारांवरूनच शिकला. तारेत शब्द काटकसरीने घालतात, त्यामुळे त्याचा अर्जही सहा शब्दांत आटोपला. म्हणून आता हा अर्ज मराठीत, सविस्तर, अर्जनवीसाकडून लिहवून घेतला आहे. साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचावा, मध्येच शेरा मारू नये, ही पहिली विनंती.

१. अर्जदाराला इंग्रजीची हौस नव्हती. सात वर्षांमागे दरेकशाजवळच्या एका खेड्यात केवळरामाच्या घरची तार घेऊन तो गेला. केवळराम तेव्हा कामासाठी परमुलखात होता. आमच्या भागात तार आली म्हणजे माणूस गेला, एवढाच तारेचा अर्थ लोकांस ठाऊक आहे. अर्जदाराचा खाकी कोट शेताच्या धुऱ्यावर दिसला आणि केवळरामाची बायको रुख्मा हिने हातातले सूप टाकून अंगणात हंबरडा फोडला. अर्जदारास तेव्हा इंग्रजीचे ओ की ठो येत नव्हते. तो नुसता उभा राहिला. बायांनी रुख्माच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसले. संध्याकाळी शाळेचे मास्तर आले, त्यांनी तार वाचली, तर त्यात एवढेच होते की केवळराम गुरुवारी येतो आहे.

गुरुवारी केवळराम आला. पंचांनी निवाडा दिला की बांगड्या फुटलेल्या बाईस तसेच घरात घेता येत नाही. तेव्हा त्या बिचाऱ्याला स्वतःच्याच बायकोशी पुन्हा हळद लावून लग्न करावे लागले आणि गावाला जेवण घालावे लागले. साहेबांनी यावर हसू नये. लोक आधीच फार हसले आहेत. रुख्मा मात्र त्या दिवशी अर्जदाराला म्हणाली, “तू कायले उभा राहिला रे मुक्यावानी? एक शब्द बोलला असता तं माहे हात उघडे नसते झाले.” ते बोलणे त्याच्या वर्मी लागले आणि दुसऱ्या दिवसापासून तो इंग्रजी शिकू लागला.

२. शिकण्याची रीत अशी. मास्तरांकडून पहिले पुस्तक मागून आणले. वाटेत मोहाची झाडे आहेत. एका मोहापासून दुसऱ्या मोहापर्यंत एकच शब्द घोकायचा, झाड आले की पुढचा घ्यायचा. रोवणीच्या बाया धानाच्या बांधीतून ओरडत, “शालीक बह्याडला वो, झाडाईसंग बोलून राहिला.” त्याने ते मनावर घेतले नाही. तीन वर्षांत त्याला तारेतला शब्द न् शब्द कळू लागला. घरचे लोक बंद पाकीट फोडून त्याच्याच हाती देतात, कारण गावात दुसरा वाचणारा नसतो.

३. आता मुद्द्याची गोष्ट. परीक्षेत पाच इंग्रजी तारा मराठीत लिहायच्या होत्या. त्यांतली चौथी अशी की, तुमचा भाऊ सोमवारी वारला, आईस कळवावे. अर्जदाराने लिहिले : ‘तुमच्या भावाची तब्येत जास्त आहे, आईला घेऊन लवकर या.’ परीक्षकांनी तांबड्या शाईने त्यावर काट मारली व बाजूस लिहिले की, ‘एक्सपायर्ड’ या नित्याच्या शब्दाचा अर्थ उमेदवारास ठाऊक नाही. या उत्तरास पाच गुणांपैकी शून्य दिले. पास होण्यास चाळीस लागतात, त्याला छत्तीस पडले. ही तिसरी खेप होती. नियमाप्रमाणे चौथी मिळत नाही. म्हणजे मशीनवर बसणारा तारबाबू तो या जन्मी होत नाही आणि मरणाच्या तारा घेऊन दारोदार फिरणे काही सुटत नाही. सात वर्षे हा माणूस त्याच एका आशेवर चालला, की एक दिवस आत बसू, तार घेऊ आणि देऊ, समोर कोणाचे तोंड नसेल.

४. साहेब, अर्थ त्याला ठाऊक आहे. पण आमच्याकडे दारात उभे राहून ‘मेला’ असे कोणी म्हणत नाही. दुखणे वाढले असावे तसे ‘जास्त आहे, निघा’ एवढेच म्हणतात. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला आडोशाला नेऊन खरे सांगतात, मग तो घरच्यांना हळूहळू तिथपर्यंत नेतो. अर्जदाराने अशा सव्वीस तारा वाचल्या आणि सव्वीस वेळा ‘जास्त आहे’ सांगितले. आजवर एकाही घरातून तक्रार नाही. खात्याच्या नियमात हे बसते की नाही, ते साहेबांस ठाऊक. बसत नसेल तर हात दाखवून अवलक्षण झाले, पण खोटे लिहून चार गुण मागण्यापेक्षा ते बरे.

५. इथवर लिहून झाल्यावर खाली सही करणाऱ्या अर्जनवीसाने अर्जदारास जरा रागाने विचारले, की बाबा, तोंडाने सांगणे निराळे आणि कागदावर लिहिणे निराळे. परीक्षेच्या कागदापुढे कोणाची म्हातारी रडत बसली होती? तिथे काऊन असे लिहिले? तुला अर्थ ठाऊक होता याचा पुरावा काय?

अर्जदाराने कोटाची बटणे सोडली. मग त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी केलेली तार काढली. ती परीक्षेच्या आठ दिवस आधीची, त्याच्याच नावची. धाकटा भाऊ टेकचंद झरियाकडे कोळशाच्या खाणीवर होता, तो पटकीने गेला. अग्नीही तिकडेच दिला. ती तार अर्जदाराने डाकघराच्या ओट्यावर उभ्यानेच वाचली. त्या दिवशी त्याला आडोशाला नेऊन सांगणारे कोणी नव्हते. घरी जाऊन त्याने आईला सांगितले, टेकचंदाची तब्येत जास्त आहे. आई तेव्हाच निघत होती. त्याने म्हटले, धान कापणी होऊ दे, मग जाऊ. आणि आठ दिवसांनी परीक्षेत तेच वाक्य समोर आले. तो म्हणतो, “हात चालला नाही बाबू. लिवलं असतं तं खरं झालं असतं.”

६. आता कापणी झाली आहे. आज त्याची आई धुरपताबाई इथे तहसील कचेरीच्या आवारात, चिंचेखाली, अर्जनवीसाच्या पेटीपासून चार हातांवर बसली आहे. मांडीवर नव्या धानाच्या पोह्यांची पुरचुंडी आहे. तिची समजूत अशी की, हा अर्ज टेकचंदाला पाहायला जाण्याच्या रजेचा आहे. मघा तिने विचारले, “लय मोठा लिवून राहिलास रे बाबू. साहेब रजा देईन नं?” अर्जनवीसाला या धंद्यात बावीस वर्षे झाली. दिवाणी, फौजदारी, सगळ्या प्रकारचे खोटेनाटे अर्ज त्याने लिहिले, त्याची जीभ कधी अडखळली नाही. तो म्हणाला, “देईन वो माय. पोराची तब्येत जास्त आहे म्हणून लिवलं आहे.” म्हणजे त्याचेही उत्तर परीक्षकांच्या हिशेबी चूकच.

तरी सेवेशी विनंती की,

(अ) अर्जदाराची तोंडी परीक्षा घ्यावी. साहेबांनी स्वतः त्या शब्दाचा अर्थ विचारावा. तो नागपुरास येऊन बरोबर उत्तर देईल. आई सोबत नसेल.

(ब) मायबाप सरकारला चार गुण देणे जमत नसेल तर आठ दिवसांची रजा तरी द्यावी. आईला आगगाडीत बसवून, वाटेत केव्हा तरी, त्याला ते सांगायचे आहे.

(क) निकाल काहीही असो, तो साध्या पत्राने कळवावा. अर्जदाराच्या घरी तार पाठवू नये.

कळावे, लोभापेक्षा न्यायाची आशा अधिक.

साहेबांचा सेवक,
शालीकराम
(सही इंग्रजीत, स्वहस्ते)

लिहिणार : नंदलाल, अर्जनवीस, तहसील कचेरी, गोंदिया
तारीख ३ डिसेंबर १९३४

सोबत :
१. सहा शब्दांचा इंग्रजी अर्ज, शेऱ्यासह.
२. परीक्षेच्या निकालाची नक्कल.
३. झरियाहून आलेली तार, मूळ प्रत. ही अर्जदारास घरी ठेवता येत नाही व फाडवतही नाही. साहेबांच्या दप्तरी राहू द्यावी, परत पाठवू नये.